२४ व्होल्टच्या ट्रकला रिव्हर्स कॅमेरा जोडताना वीज नेमकी कोठून घ्यावी?

हौदा_आणि_फाळका (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१७ सालचा सहाचाकी ट्रक आहे. हौदा २० फुटी, बॅटऱ्या दोन आणि विजेची यंत्रणा २४ व्होल्टची. हंगामात तासगाव भागातील द्राक्षांच्या पेट्या शीतगृहात पोहोचवणे आणि उरलेले वर्षभर मिळेल तो माल वाहणे, असे गाडीचे काम चालते. पूर्वी गाडी मागे घेताना किन्नर (क्लीनर, म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस) मागच्या चाकाशी उभा राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणत असे, आणि हौद्यावर त्याची थाप पडली की मी ब्रेक दाबत असे. एवढीच आमची व्यवस्था होती. गेल्या दिवाळीनंतर किन्नर मिळेनासा झाला आणि जानेवारीत एका शीतगृहाच्या माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्याला गाडी लावताना मी तेथील लोखंडी खांब वाकवून ठेवला. ज्या आठवड्यात त्याची भरपाई दिली, त्याच आठवड्यात सात इंची पडदा आणि कॅमेरा विकत घेतला.

तो बसवून दिला महामार्गालगतच्या एका इलेक्ट्रिशियनने. कॅमेऱ्याच्या खोक्यावर १२ व्होल्ट असे लिहिलेले होते, म्हणून त्याने दोन्ही बॅटऱ्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्टीवरून तार घेतली आणि पडदा व कॅमेरा दोन्ही त्यावर चालवले. माझा टेप आणि मोबाइलचा चार्जर आधीपासून तेथूनच चालत असल्याने मला त्यात काही वावगे वाटले नाही. कॅमेऱ्याची निगेटिव्ह तार त्याने मागच्या दिव्याच्या बोल्टाखाली दाबली. चित्राची केबल गाड्यांच्या टेपला असते तशी पिवळ्या पिनेची असून तिच्या अंगाला चिकटून एक केसासारखी बारीक लाल तार जाते, तिच्यातूनच कॅमेऱ्याला वीज मिळते.

तीन आठवडे सर्व ठीक चालले. त्यानंतर इंजिन सुरू असताना पडद्यावर आडव्या पट्ट्या सरकू लागल्या आणि रेस वाढवली की त्या अधिक वेगाने सरकतात असे दिसले. दिवसा चित्र निदान येते तरी. रात्री मात्र रिव्हर्सचा भोंगा वाजेल तेव्हा, म्हणजे प्रत्येक "पीं" सोबत, चित्र जाते आणि भोंगा थांबला की परत येते. त्यातच एका बॅटरीतील पाणी सारखे कमी होऊ लागले असून दुसरी सकाळी गाडी उचलताना दम टाकते. मल्टिमीटर लावला तेव्हा इंजिन सुरू असताना दोन्हींचे मिळून २७.९ व्होल्ट आले, परंतु वरच्या बॅटरीवर १४.९ आणि खालच्या, म्हणजे चेसिसकडे (गाडीच्या लोखंडी सांगाड्याकडे) निगेटिव्ह जोडलेल्या बॅटरीवर १३.० असे आकडे होते. भरीस भर म्हणजे गेल्या महिन्यात क्लचच्या कामासाठी केबिन उचलली तेव्हा चित्राची केबल ताणली जाऊन तिची पिनच निघून आली.

आता हे सर्व उपटून मी स्वतःच नव्याने करणार आहे. क्रिंपिंगचा पान्हा आणि मल्टिमीटर माझ्याकडे आहे, घाई नाही. पडद्याच्या मागील चिठ्ठीवर १० ते ३२ व्होल्ट असे छापलेले आहे. वीज कोठून घ्यावी, अर्थ (म्हणजे निगेटिव्हची चेसिसशी जोडणी) कोठे द्यावा, आणि हे तीन दोष एकाच चुकीतून आले आहेत की वेगवेगळ्या, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_तारकाम

दोष तीन आहेत आणि चुकाही तीन आहेत. मात्र त्यांतील सर्वांत महाग पडणारी चूक कॅमेऱ्यात नसून बॅटरीच्या मधल्या पट्टीत आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असताना अल्टरनेटर त्या दोघींना मिळून सुमारे २८ व्होल्ट देतो. त्यातील अर्धे हिला आणि अर्धे तिला द्यावेत हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो; दोघी सारख्या भरलेल्या असतील तरच वाटणी सारखी होते. तुमचा टेप, चार्जर आणि आता पडदा व कॅमेरा हे सर्व एकट्या खालच्या बॅटरीला पिऊन टाकतात, त्यामुळे ती सदैव वरचीपेक्षा रिकामी राहते. चार्ज होताना रिकामी बॅटरी व्होल्टेज कमी धरते आणि उरलेले सर्व वरचीवर पडते. तुमच्या १३.० आणि १४.९ या आकड्यांत हेच सरळ वाचता येते. साधारण १४.४ च्या पुढे गेले की आम्लातून वायू सुटू लागतो आणि पाणी आटते, म्हणून वरची बॅटरी पाणी मागते. खालची कधीच पूर्ण भरत नाही, तिच्या पाट्यांवर पांढरा थर धरतो आणि ती सकाळी दम टाकते. एक जास्त खाऊन आजारी, दुसरी उपाशी राहून आजारी. ही पद्धत आपल्याकडे इतकी सर्रास आहे की तुमच्या इलेक्ट्रिशियनला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही, पण ट्रकच्या मधल्या पट्टीवरून कायमची कोणतीही तार घेऊ नये, अगदी मोबाइल चार्जरचीसुद्धा नाही.

आता वीज कोठून घ्यावी. तुमचा पडदा १० ते ३२ व्होल्ट घेतो, म्हणजे त्याला २४ व्होल्ट थेट देता येतात. येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी की आपण २४ म्हणतो तरी गाडी चालू असताना २८ च्या वर जाते, त्यामुळे "कमाल २४" असे छापलेले उपकरण ट्रकला चालत नाही. वरची मर्यादा ३२ किंवा ३६ हवी. फ्यूजच्या पेटीत किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणारी एखादी मोकळी जागा मल्टिमीटरने शोधा आणि तेथून ३ अँपिअरच्या फ्यूजमधून पडद्याला वीज द्या. फ्यूज पडद्याजवळ लावून उपयोग नाही, तो वीज घेतल्या जागेपासून वीतभर अंतरात हवा, कारण तो पडद्यापेक्षा तारेला जळण्यापासून वाचवण्यासाठी असतो. गाड्यांमध्ये मिळणारे साधे पात्याचे फ्यूज ३२ व्होल्टपर्यंतचे असतात, ते ट्रकला चालतात.

कॅमेऱ्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावणे. तो स्विचिंग पद्धतीचा घ्या. तीन पायांची स्वस्त रेग्युलेटर चिप लावून काम भागवणारे लोक आहेत. पण २८ चे १२ करताना उरलेले १६ व्होल्ट ती चिप नुसते उष्णतेत घालवते, म्हणजे अर्ध्या अँपिअरला ८ वॅट, आणि मे महिन्यात डॅशबोर्डच्या मागे ८ वॅट उष्णता कोंडली की ती चिप फार दिवस टिकत नाही. दुसरी वाट मला अधिक पसंत आहे. ट्रकसाठी बनवलेली चार पिनांची, आट्याची टोपी असलेली केबल मिळते. तिच्यातून चित्र, वीज, निगेटिव्ह आणि आवाज असे चारही एकत्र जातात आणि पुष्कळ पडदे त्याच जोडावर कॅमेऱ्यासाठी १२ व्होल्ट स्वतःच काढून देतात. तुमच्या पडद्याला तसा जोड आहे का ते पाहा. असल्यास कन्व्हर्टरची गरजच नाही.

निगेटिव्हबाबत एक धोक्याची सूचना. अनेक ट्रकमध्ये बॅटरी बंद करण्याचा मोठा कट-ऑफ स्विच निगेटिव्ह बाजूला असतो. अशा गाडीत पडद्याची निगेटिव्ह तार थेट बॅटरीच्या खुंटीवर बांधली, तर ती तार त्या स्विचला वळसा घालते. स्विच बंद असताना कोणी स्टार्टर मारला, तर शेकडो अँपिअरना परत यायला तुमची ती बारीक तार आणि कॅमेऱ्याचे कवच एवढाच रस्ता उरतो. म्हणून निगेटिव्ह नेहमी केबिनमधील मूळच्या अर्थ बोल्टवर, म्हणजे स्विचच्या गाडीकडील बाजूस द्यावी.

टेपसाठी १० अँपिअरचा स्वतंत्र कन्व्हर्टर घ्या, कॅमेऱ्याचा त्याच्याशी वाटून घेऊ नका. बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवून प्रत्येकीला साध्या १२ व्होल्टच्या चार्जरवर पूर्ण भरा आणि रात्रभर ठेवून सकाळी मोजा. दोघींत एकदोन दशांशांचाच फरक राहिला तर त्या वाचल्या असे समजा. एक गेली असेल तर दोन्ही बदलाव्या लागतील. नवी आणि जुनी एकत्र जुंपली तर पुन्हा हाच खेळ सुरू होतो.

सिग्नल_आणि_खरखर

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. उरलेल्या दोन दोषांची उकल मी करतो, कारण रात्री भोंग्याबरोबर चित्र जाणे हे वाचताच नेमके काय झाले असावे हे डोळ्यांसमोर आले.

रात्री कॅमेऱ्याचे, अंधारात दिसण्यासाठी असलेले अवरक्त दिवे पेटतात आणि त्याचा विजेचा खप दिवसाच्या दुपटी-तिपटीने वाढतो. समजा तो ०.३ अँपिअर झाला. तुमची ती केसासारखी लाल तार अशा केबलींत साधारण ०.०८ चौरस मिलिमीटर तांब्याची असते आणि तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम भरतो. केबिनपासून फाळक्यापर्यंत (हौद्याच्या मागच्या उघडत्या फळीपर्यंत) वळणे धरून १५ मीटर तार लागली असे मानले, तर ३.२ ओहम झाले आणि जवळजवळ १ व्होल्ट त्या तारेतच संपला. इंजिन बंद असताना खालच्या बॅटरीवर १२.४ असतील तर कॅमेऱ्यापाशी ११.४ पोहोचतात. एवढ्यावर तो चालतो. परंतु त्याची निगेटिव्ह तुम्ही म्हणता तशी मागच्या दिव्याच्या बोल्टाखाली आहे, आणि रिव्हर्सचा दिवा व भोंगा हे दोघेही बहुधा त्याच बोल्टावरून परत जातात. तो बोल्ट गंजलेला असेल, तर भोंगा वाजताच त्या गंजावर दीड-दोन व्होल्ट अडतात आणि कॅमेऱ्याच्या वाट्याला दहाच्याही खाली येतात. १२ व्होल्टचे पुष्कळसे कॅमेरे तेथे डोळे मिटतात. भोंगा थांबला की गंजावरचा अडथळा नाहीसा आणि चित्र हजर.

हे मी म्हणतो म्हणून मानू नका, मोजा. चाकांखाली ठोकळे लावून, हँडब्रेक ओढून, किल्ली फिरवून गिअर रिव्हर्समध्ये टाका. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर लांब तारेने जोडा आणि लाल पिन कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह टोकावर धरा. आकडा शून्याच्या आसपास राहिला पाहिजे. भोंग्यासोबत तो नाचला तर गुन्हेगार सापडला.

इंजिनाबरोबर सरकणाऱ्या पट्ट्यांचे मूळही त्याच बोल्टात आहे. चित्राच्या केबलीत आतल्या तारेभोवती असलेली तारांची जाळी पडद्यापाशी केबिनच्या अर्थला जोडलेली असते. कॅमेऱ्याला मागे स्वतंत्र अर्थ दिला की पुढचा अर्थ, जाळी, मागचा अर्थ आणि चेसिस असे एक वर्तुळ तयार होते, आणि चेसिसमधून जाणाऱ्या अल्टरनेटरच्या विजेची खरखर त्या जाळीतून थेट चित्रात शिरते. रेस वाढवली की खरखर वेगाने येते, म्हणून पट्ट्या पळतात. उपाय असा की कॅमेऱ्याची निगेटिव्ह मागे कोठेही जोडू नये. ती केबलीतूनच पडद्यापर्यंत परत आणावी. कॅमेऱ्याचे कवच धातूचे असेल आणि ते आतून निगेटिव्हला जोडलेले असेल, तर पत्रा व कवच यांमध्ये रबरी वायसर घालावा, नाही तर कवचाचा स्क्रूच मागच्या दाराने तोच अर्थ देतो. मी स्वतः हा स्क्रू शोधण्यात एक अख्खा रविवार घालवलेला आहे. वेगळी तार ओढायची झाल्यास जाऊन-येऊन ०.७५ चौरस मिलिमीटरची घ्या, त्याच ०.३ अँपिअरला दोन्ही मिळून पाव व्होल्टदेखील जाणार नाही.

पडद्याला "आता रिव्हर्स आहे" हे सांगणारी जी ट्रिगरची तार असते ती मागच्या दिव्यापासून आणू नका. गिअरबॉक्सवरील रिव्हर्सच्या स्विचकडून मागे जाणारी तार बहुतेक गाड्यांत वाटेत केबिनखालच्या मोठ्या जोडापाशी सापडते. तेथूनच १ अँपिअरच्या फ्यूजमधून घ्या, मात्र ट्रिगरलाही २४ व्होल्ट चालतात का हे चिठ्ठीवर वाचून घ्या. मोटारींच्या कॅमेऱ्यांत रिव्हर्सच्या दिव्यावरूनच कॅमेऱ्याला वीज देण्याची पद्धत असते. ट्रकमध्ये तसे केले तर १२ च्या कॅमेऱ्याला २४ मिळून तो पहिल्याच रिव्हर्सला जातो. शिवाय कॅमेरा किल्लीबरोबरच जागा ठेवला तर रिव्हर्स टाकताच चित्र येते, तो गिअरबरोबर जागा होणार असेल तर एक-दोन सेकंद काळा पडदा पाहावा लागतो, आणि धक्क्याला लागताना दोन सेकंद फार असतात.

१ एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे प्रदूषणाच्या बीएस-६ निकषांच्या गाड्या असलेल्यांनी एक जपावे. त्यांतील काही गाड्यांत दिव्यांचा कारभार कंट्रोल युनिटकडे असतो आणि बल्ब शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी ते तारेत बारीक ठोके पाठवते. त्यावर पडदा उगाच लुकलुकू शकतो, आणि तार कापल्यास युनिट चूकही नोंदवू शकते. तेथे २४ व्होल्टचा छोटा रिले (विजेने चालणारा स्विच) लावून त्याच्या संपर्कातून ट्रिगर द्यावा. त्या गाड्यांत बल्बचा टेस्टर घेऊन कोणत्याही तारेला टोचत सुटणे तर अजिबातच नको.

मागे_कोण_आहे

एवढ्या तारा ओढण्यापेक्षा बिनतारी कॅमेरा का घेत नाही? दोन हजारांच्या आसपास मिळतो आणि काम अर्ध्या तासात संपते.

सिग्नल_आणि_खरखर

कारण बिनतारी म्हणजे फक्त चित्राची तार नाही. कॅमेऱ्याला वीज तरीही द्यावीच लागते, आणि आपल्या या धाग्यातील सर्व दुखणी विजेचीच आहेत. स्वस्त बिनतारी संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्याच पट्ट्यात वाय-फाय आणि ब्लूटूथ आहे, आणि मध्ये २० फूट लोखंडी हौदा व त्यावर माल. ट्रेलर रोज बदलणाऱ्यांना चांगल्या प्रतीच्या डिजिटल संचाचा उपयोग होतो, हे मान्य. एकाच चेसिसवर कायम बसलेल्या हौद्याला तार असताना बिनतारीकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही.

बॉडीवाला

मी हौदे बांधण्याच्या कामात आहे, विजेतले मला वरच्या दोघांइतके कळत नाही; पण केबल तुटली ती विजेमुळे तुटलेली नाही, तेव्हा त्या बाजूने लिहितो.

केबिन पुढे उलटते ती पुढच्या बिजागरीवर. बिजागरीपाशी तिची हालचाल बोटभर असते आणि मागच्या काठाशी चार-पाच फूट. तुमच्या इलेक्ट्रिशियनने केबल केबिनच्या मागच्या बाजूने, सर्वांत जवळच्या वाटेने खाली सोडली असणार. ती वाट केबिन खाली असताना जवळची आणि केबिन उलटली की सर्वांत लांबची. कंपनीची मूळ वायरिंग पाहा, ती नेहमी पुढे बिजागरीजवळून चेसिसवर उतरते. तिच्याच सोबतीने, तिच्याच रबरी बुशातून आपली केबल उतरवा, बिजागरीपाशी एक सैल वेटोळे ठेवा, आणि प्लास्टिकचे पट्टे आवळण्यापूर्वी केबिन पूर्ण उलटून कोणाला तरी टॉर्च धरून ते वेटोळे पाहायला सांगा. ते ताठ होता कामा नये आणि खाली बसताना चिमटीतही सापडता कामा नये. हे पाच मिनिटांचे काम लोक टाळतात आणि पुढच्या क्लचच्या कामाला केबल विकत घेतात.

चेसिसवरून मागे नेताना सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूची कड धरा. नालीदार प्लास्टिक पाइपमध्ये केबल घाला आणि दर फुटाला पट्टा बांधा, पण तो ब्रेकच्या हवेच्या नळीला किंवा डिझेलच्या पाइपला कधीही बांधू नका. कंपनाने घासून एक दिवस नळी कापली जाते. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, तेथून चीर धरते. उभ्या भागात कंपनीची तयार भोके असतात, क्लिप त्यांतच बसवा. हौद्याला वेल्डिंग करायचे झाल्यास बॅटरीच्या तारा आणि कॅमेऱ्याचा जोड दोन्ही सोडवून ठेवा. जास्तीची केबल गुंडाळून मागे लोंबकळत ठेवू नका आणि ती कापून पिळून टेपही मारू नका. १५ मीटरची पुरत असेल तर २० ची घेऊ नये, एवढेच.

आता खरा प्रश्न कॅमेरा कोठे बसवायचा हा आहे, आणि तो येथे कोणी विचारलेलाच नाही. बहुतेक जण तो मधोमध, नंबर प्लेटच्या वर, चेसिसच्या आडव्या पट्टीवर बसवतात. रिकाम्या रस्त्यावर ती जागा उत्तम. पण तुम्ही धक्क्याला लागता तेव्हा फाळका आधीच उघडून खाली सोडलेला असतो आणि तो लोंबता फाळका नेमका कॅमेऱ्यापुढे पडद्यासारखा येतो; ज्या क्षणासाठी कॅमेरा घेतला त्याच क्षणी तुम्हाला फाळक्याच्या लाकडाची नक्षी दिसते. वर, मागच्या कमानीवर बसवला तर ताडपत्री त्याच्यावरून येते. बंद बॉडीच्या गाड्यांना ही अडचण नाही, उघड्या हौद्याला ती हमखास आहे. मी अलीकडे ड्रायव्हरच्या बाजूच्या मागच्या खांबावर, दोरी अडकवण्याच्या कड्यांच्या खाली सुमारे सहा इंचांवर, जाड पत्र्याच्या छोट्या टोपीत कॅमेरा बसवतो आणि त्याचे तोंड खाली व थोडे आतल्या बाजूस वळवतो. चित्र थोडे तिरपे दिसते. आठवड्यात डोळ्याला सवय होते, आणि फाळका उघडा असो वा बंद, त्याची कड आणि धक्क्याची कड दोन्ही एकाच चित्रात राहतात. ताडपत्री मात्र त्या कोपऱ्यात कड्यांच्या खाली लोंबू न देता दुमडून बांधावी लागते.

जोडांविषयी एक शब्द. साधी काळी टेप उन्हात चिकट होते आणि पावसाळ्यात सुटते. मागच्या जोडावर आतून गोंद असलेली आकसणारी नळी तापवून बसवा. सर्व्हिसिंगला धुणारी पोरे कॅमेऱ्यावरच फवारा धरतात, म्हणून पाणी-धुळीपासूनच्या संरक्षणाचा दर्जा म्हणून कवचावर आयपी-६७ पेक्षा आयपी-६९के लिहिलेले असेल तर बरे. पहिले पाण्यात बुडवून तपासलेले असते, दुसरे ८० अंशांच्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली.

हौदा_आणि_फाळका

सर्वांचे मनापासून आभार. या दोन रविवारी काम पूर्ण केले, आकडे येथे नोंदवून ठेवतो.

जुने काढण्यापूर्वी सांगितल्याप्रमाणे मागचा बोल्ट मोजला. भोंगा बंद असताना ०.१ व्होल्ट होते आणि प्रत्येक "पीं" सोबत आकडा १.६ पर्यंत उडी मारत होता. बोल्ट उघडला तर वायसरच्या जागी तपकिरी भुकटी निघाली. तो पॉलिश पेपरने घासून, नवा वायसर घालून, वर ग्रीस लावून पुन्हा आवळला, कारण दिवा आणि भोंगा अजूनही त्याच्यावरच आहेत. कॅमेऱ्याची तार मात्र तेथून कायमची काढली. पडद्याला चार पिनांचा जोड होता, तो रबरी टोपीखाली झाकलेला असल्याने माझ्या लक्षातच आला नव्हता. त्या जोडावर १२.१ व्होल्ट निघतात आणि नव्या केबलीच्या मागच्या टोकाला, रात्री दिवे पेटलेले असताना, ११.५ मिळाले. पट्ट्या पूर्ण गेल्या, भोंग्याचाही परिणाम नाही. कट-ऑफ स्विच माझ्या गाडीत निगेटिव्हलाच निघाला. तो इशारा वाचला नसता तर मी तार सरळ बॅटरीवरच बांधणार होतो.

मधली पट्टी रिकामी केली. खालची बॅटरी चार्जरवर दोन दिवस ठेवूनही सकाळी ११.८ वरच थांबली, त्यामुळे दोन्ही बदलल्या. आता चालू इंजिनवर १४.०५ आणि १४.० असे आकडे आहेत.

कॅमेरा ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबावर, सांगितल्या जागीच बसवला. आता दोन गोष्टी अडल्या आहेत. चित्रात उजवीकडचे डावीकडे दिसते, त्यामुळे मी दोनदा स्टिअरिंग उलटे फिरवले. आणि पडद्यावर हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा येतात त्या धक्क्यापासून अजून तीन फूट अंतर असतानाच लाल दाखवतात.

बॉडीवाला

डावे-उजवे आधी पडद्याच्या मेनूत पाहा. चित्र आरशासारखे उलटवण्याची सोय बहुतेकांत असते. तेथे नसेल तर कॅमेऱ्याच्या शेपटीपाशी एक किंवा दोन बारीक तारांची लहान वेटोळी असतात. एक आरशाचे, दुसरे रेषांचे. रंग प्रत्येक बनावटीत वेगळे असल्याने कोणते कशाचे हे खोक्यातील कागदावर पाहून मगच कापावे, आणि कापलेली टोके वेगवेगळी झाकून ठेवावीत, कारण पुन्हा जोडले की पूर्वीसारखे होते. मागचा कॅमेरा आरशासारखाच हवा, म्हणजे चित्रातील उजवे तुमच्या उजव्या आरशाशी जुळते.

रेषा मात्र बंदच करा. त्या मोटारीच्या उंचीवर, मधोमध बसवलेल्या कॅमेऱ्यासाठी आखलेल्या असतात. तुमचा कॅमेरा सात-आठ फुटांवर आणि कोपऱ्यात आहे, तेथे त्या खरे सांगूच शकत नाहीत. त्याऐवजी रिकाम्या जागी गाडी उभी करून फाळक्याच्या कडेपासून १ फूट, ३ फूट आणि ६ फुटांवर जमिनीवर चुन्याच्या आडव्या रेघा मारा, केबिनमध्ये बसून त्या पडद्यावर जेथे दिसतात तेथे काचेच्या कडेला रंगीत टेपचे बारीक तुकडे चिकटवा. धक्का जमिनीपेक्षा साडेतीन-चार फूट उंच असतो, त्यामुळे त्याची कड पडद्यावर या खुणांपेक्षा वेगळ्या जागी येईल. म्हणून नेहमीच्या एका धक्क्यावर कोणाला तरी मागे उभे करून, फाळका बंद असताना एकदा आणि लोंबता असताना एकदा, अशा दोन खुणा वेगळ्या रंगाच्या टेपने करून घ्या.